नारळ फोडण्याआधी

घर बांधून झालं, रंग लागला, वास्तुशांत आटोपली, की मग बरेच जण विचारतात, ‘आता पर्यावरणासाठी काही करता येईल का?’ सोलर बसवा, साधे पंखे बदला, असं सांगता येतं आणि त्याचा उपयोगही होतो. पण तोवर त्या घराच्या नावावरचा बराच कार्बन सिमेंटच्या भट्टीतून आणि पोलादाच्या कारखान्यातून हवेत गेलेला असतो. नंतर बसवलेल्या कुठल्याही यंत्राने तो परत येत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः ज्यांचं भूमिपूजन व्हायचं आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या सोसायटीत पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाली आहे, किंवा ज्यांना गावाकडच्या घरावर मजला चढवायचा आहे, त्यांनीही वाचावा. घर बांधून झालेल्यांच्या कामाचा मजकूर उत्तरार्धात आहे.

ऊर्जा आणि उद्योगांतून जगभर जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला एक तृतीयांशाहून थोडा अधिक वाटा इमारती आणि बांधकामाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे अहवाल हा आकडा दरवर्षी थोडाफार वरखाली करून सांगतात. त्यातले ढोबळमानाने चारपैकी तीन भाग इमारत वापरताना होतात: दिवे, पंखे, एसी, थंड देशांत घर गरम ठेवणं, स्वयंपाक. उरलेला एक भाग सिमेंट, पोलाद, विटा, काच, ॲल्युमिनियम तयार करताना होतो. हे प्रमाण जगाचं झालं. आपल्याकडे हिशेब जरा वेगळा मांडावा लागतो. युरोपातली बहुतेक घरं बांधून झालेली आहेत, तिथला मुख्य प्रश्न ती गरम ठेवण्याचा आहे. आपली पुष्कळ घरं अजून बांधायची आहेत, आणि दोन पंखे, एक फ्रिज, चार दिवे एवढ्यावर चालणाऱ्या घरात वापराचा कार्बन तसा बेताचाच असतो. अशा घराच्या बाबतीत बांधकामाचं साहित्य हाच मोठा विषय ठरतो.

सुरुवात सिमेंटपासून करू. जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे, आणि सिमेंट बनवण्यात चीनच्या खालोखाल आपलाच नंबर लागतो. हे सगळं भट्टीतल्या कोळशामुळे होतं, असा एक समज आहे. कोळसा आहेच, पण तो निम्म्याहून कमी दोषी आहे. खरा मामला चुनखडीत आहे. चुनखडी तापवली की तिच्यात मुळातच बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो वायू धुराड्यातून निघून जातो. उद्या भट्टी पूर्ण सौर विजेवर चालवली तरी हे ४४ किलो जाणारच. पुढे साधारण १४५० अंशांवर त्या चुन्याचे आणि मातीतल्या घटकांचे गोळे बनतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकर जिप्समबरोबर दळला की साधं सिमेंट तयार. तेव्हा सिमेंटचा कार्बन कमी करायचा म्हणजे गोणीतला क्लिंकर कमी करायचा. घरमालकाला यापेक्षा जास्त रसायनशास्त्र लागत नाही.

आता साइटवर उतरलेली एक गोणी हातात घ्या आणि तिच्यावर काय छापलंय ते वाचा. वजन ५० किलो. आयएस २६९ असेल तर ते ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, जवळजवळ सगळा क्लिंकर. आयएस १४८९ असेल तर पीपीसी; त्यात औष्णिक वीज केंद्रातली राख १५ ते ३५ टक्के असते. आयएस ४५५ म्हणजे पीएससी, यात पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीची मळी, म्हणजे स्लॅग, २५ ते ७० टक्के. आयएस १६४१५ म्हणजे राख आणि स्लॅग दोन्ही असलेलं मिश्र सिमेंट. शेजारी उत्पादनाचा आठवडा आणि वर्षही छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनी गोणी घेऊ नका, कारण ताकद घटलेली असली की गवंडी हात सैल सोडून जास्त सिमेंट घालतो.

ओपीसीच्या एका गोणीमागे साधारण ४० ते ४५ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पीपीसीत हा आकडा तिशीच्या आसपास येतो. स्लॅग भरपूर असलेल्या पीएससीत तो विशीपर्यंतही उतरतो. हजार चौरस फुटांच्या आरसीसी घराला किती गोण्या लागतात, हे कुठलाही ठेकेदार तोंडावर सांगेल: फुटाला ०.४ गोणी, म्हणजे ४०० गोण्या, २० टन. सगळं ओपीसी वापरलं तर १७-१८ टन कार्बन डायऑक्साइड. सगळं पीपीसी वापरलं तर १२-१३ टन. नुसत्या गोणीच्या निवडीवर पाच टन वाचतात, आणि पीपीसी बहुधा स्वस्तच पडतं. तुलनेसाठी सांगतो. तीन किलोवॉटचं छतावरचं सोलर वर्षाला चार हजारांवर युनिट देतं आणि आपल्या विजेच्या हिशेबाने सुमारे तीन टन कार्बन वाचवतं. सोलर बसवाच. पण त्याचं दीड-दोन वर्षांचं काम सिमेंटच्या दुकानात एका वाक्यात होत असेल, तर ते वाक्य आधी बोलून टाकावं.

ठेकेदार काय म्हणेल, तेही माहीत असू द्या. ‘प्लास्टरला पीपीसी, पण स्लॅबला ५३ ग्रेडच,’ हे वाक्य चांद्यापासून बांद्यापर्यंत ऐकू येतं. त्यामागे थोडं खरं आहे. राख आणि स्लॅगचं सिमेंट सुरुवातीला हळू ताकद धरतं. ५३ ग्रेड ओपीसी लवकर धरतं, म्हणून सेंट्रिंग लवकर निघतं, आणि सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात किंवा पुढच्या साइटवर हव्या असतात. घाई ठेकेदाराच्या पैशाची असते, तुमच्या स्लॅबला तिची गरज नसते. २८ दिवसांनंतर पीपीसीचं काँक्रीट ताकदीला मागे राहत नाही, आणि दीर्घकाळात ते जास्त घट्ट, पाणी कमी झिरपू देणारं होतं. स्लॅगचं सिमेंट तर समुद्राच्या खाऱ्या हवेत सळईचा गंज लांबवतं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मुंबई आणि गोव्यात घर बांधणाऱ्याने कार्बनचा विचार बाजूला ठेवला तरी केवळ टिकाऊपणासाठी पीएससीची चौकशी करावी.

यात एक अट मात्र आहे, आणि ती नीट पाळली नाही तर पीपीसीचं नाव विनाकारण खराब होतं. पाणी मारायचे दिवस वाढतात. आयएस ४५६ या प्रमाणकात ओपीसीच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगितलंय. कोरड्या उष्ण हवेत हेच आकडे दहा आणि चौदा होतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये स्लॅब टाकत असाल तर चौदा धरूनच चाला. सकाळी एकदा पाइप फिरवला आणि दुपारी स्लॅब पांढरा पडला, तर ते क्युरिंग झालं नाही. स्लॅबवर मातीचे किंवा मसाल्याचे वाफे करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा. सेंट्रिंग कधी काढायचं, ते ठेकेदाराने नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगायचं. आणि पीपीसीत राख आधीच असते. साइटवर कोणी त्यात आणखी राख मिसळायला निघाला तर त्याला थांबवा.

रेडीमिक्स मागवणार असाल तर गोणी दिसणारच नाही. मग प्लँटकडून मिक्स डिझाइनचा कागद मागा: एका घनमीटरला ओपीसी किती, राख किती, स्लॅग किती, पाणी किती. चांगले प्लँट ओपीसीत राख किंवा स्लॅग स्वतःच मोजून मिसळतात आणि हा कागद खळखळ न करता देतात. ट्रान्झिट मिक्सर गल्लीत अडकला, उशीर झाला, माल घट्ट झाला, की कोणीतरी ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो. तो हात धरायचा. वाढवलेल्या पाण्याने ताकद जाते, आणि या सवयीची सगळ्यांनाच कल्पना असल्यामुळे पुढच्या वेळी सिमेंट आधीच जास्त घातलं जातं.

राख आणि स्लॅगला एक मर्यादा आहे. कोळशावरची केंद्रं आणि झोतभट्ट्या पुढे कमी होत जातील, तशी ही दोन्ही मिळणं अवघड होईल. त्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या लोझान तंत्रविद्यापीठातल्या कॅरेन स्क्रिव्हनर यांच्या पुढाकाराने, क्यूबा आणि दिल्ली-मद्रासच्या आयआयटींच्या साथीने एलसी-थ्री नावाचं सिमेंट विकसित झालं. त्यात क्लिंकर निम्माच. उरलेल्यात भाजलेली चिकणमाती, न भाजलेली चुनखडी आणि थोडं जिप्सम. माती भाजायला सात-आठशे अंश पुरतात. कार्बन सुमारे ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो. भारताने २०२३ मध्ये त्याचं प्रमाणक काढलं, आयएस १८१८९. तालुक्याच्या दुकानात ते आज मिळेलच असं नाही, पण मोठ्या सोसायटीच्या कामाला विक्रेत्याकडे विचारून पाहावं. गिऱ्हाइकाने विचारलं नाही तर दुकानदार माल ठेवत नाही.

सळईचा हिशेब सोपा, पण हातात कमी. हजार फुटांना साडेतीन-चार टन सळई लागते आणि भारतीय पोलादाच्या सरासरीने टनामागे अडीच टन कार्बन धरला तर नऊ-दहा टन होतात. भंगार वितळवून केलेल्या सळईचा कार्बन कमी असतो, पण भट्टीची वीज कोळशाची असली की फरक आक्रसतो. जालन्याच्या कारखान्यांत भंगारही वापरतात आणि स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून केलेलं कच्चं लोखंडही. त्यामुळे जालन्याची सळई म्हणजे आपोआप हरित, असं धरू नका. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली: टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच ते नाव, आणि त्यातही तीन ते पाच तारे. दुकानात या ताऱ्यांची चौकशी करा. मात्र सळईची खरी बचत कागदावर होते. चांगला स्ट्रक्चरल इंजिनिअर बार बेंडिंगचं वेळापत्रक काढून देतो, कॉलम एकाखाली एक आणतो, अंतरं आटोक्यात ठेवतो. ‘अंदाजाने’ टाकलेल्या घरात सळई नेहमी जास्त असते, आणि तरी ती हवी तिथे नसते. इंजिनिअरची फी वाचवणारा माणूस तीच रक्कम सळईत घालवतो, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे.

इथून पुढचा प्रश्न आवडणारा नाही. एवढं काँक्रीट लागतंच का? बांधलं नाही त्या चौरस फुटाचा कार्बन शून्य असतो. वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळी खोली, दुहेरी उंचीचा हॉल, पुढे काढलेला वीस फुटांचा खांबाविना पोर्च, ही सगळी हौस काँक्रीटच्या जाड बीममधून पूर्ण होते. गावाकडे तळमजला आणि वर एखादा मजला एवढंच बांधायचं असेल तर भिंतींवर भार पेलणारं बांधकाम पुष्कळ ठिकाणी चालतं. भूकंपाच्या पट्ट्यात जोत्याला, खिडकीच्या वर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे घालावे लागतात. त्यात तडजोड नको. किल्लारीचं काय झालं ते आपण १९९३ मध्ये पाहिलंय. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चिरा आहे. तो भाजावा लागत नाही, खाणीतून कापून आणला की भिंतीला तयार. असा दगड दाराशी असताना तिथे आरसीसी सांगाडा उभा करून आत ब्लॉक भरायचे आणि बाहेरून जांभ्याच्या रंगाची टाइल चिकटवायची, याला काय म्हणावं!

ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आणि केरळमध्ये आयुष्य घालवलेल्या लॉरी बेकर या वास्तुविशारदांनी स्वस्त घरं बांधता बांधता कार्बनही वाचवला, तोही हा शब्द कोणाच्या तोंडी नसताना. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी त्यांची भिंत सुमारे पाव भाग विटा वाचवते आणि उन्हाला अडवते. फिलर स्लॅबमध्ये खालच्या भागात, जिथे काँक्रीटला फारसं काम नसतं, तिथे मंगलोरी कौलं बसवतात; काँक्रीट घटतं, वजन घटतं, म्हणून सळईही घटते. हे करायला हात बसलेला गवंडी आणि आकडेमोड करून देणारा इंजिनिअर हवा. युट्यूबवर पाहून करू नका.

भिंतींच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. भट्टीच्या लाल विटेपेक्षा राखेची वीट किंवा एएसी ब्लॉक बहुतेक वेळा बरा. वीटभट्टी जवळ आणि राखेची वीट तीनशे किलोमीटरवरून येणार असेल तर वाहतुकीचा विचार करा. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, एकलहरे, भुसावळ या वीज केंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांना राखेची वीट शोधायला लांब जावं लागू नये.

आता शहराकडे. मुंबई-पुण्यात पस्तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. पाडल्यावर जुन्या इमारतीचा सगळा कार्बन राबिटात, म्हणजे मलब्यात जातो आणि नव्याचा खर्च पहिल्या फुटापासून सुरू होतो. पुनर्विकास करूच नये, असं म्हणण्यात अर्थ नाही. सळई फुगून कव्हर सुटलेल्या धोकादायक इमारतीत लोकांना ठेवणं पाप आहे, आणि तीन पिढ्या एका खोलीत राहणाऱ्यांना मोठं घर हवं असणं यात गैर काही नाही. पण ‘धोकादायक’ हा शिक्का बऱ्याचदा बिल्डरच्या पहिल्या भेटीनंतर उमटतो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशीपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. ते झालंय का? झालं असेल तर त्यात दुरुस्तीचा पर्याय आणि त्याचा खर्च लिहिलाय का? कॉलमचं जॅकेटिंग, गंजलेल्या सळईची सफाई, पॉलिमरचा मसाला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, हे सगळं करून इमारतीला आणखी वीस वर्षं मिळत असतील, तर सर्वसाधारण सभेत तो आकडा पुनर्विकासाच्या आकड्याशेजारी मांडला जाणं हा सभासदांचा हक्क आहे.

फ्रान्समध्ये बोर्दोला १९६० च्या दशकातल्या तीन लांबलचक इमारती होत्या, ५३० घरांच्या. ॲन लाकातों आणि झ्यां-फिलिप व्हासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसोबत त्या न पाडता बाहेरून नवे सज्जे आणि काचेच्या पडव्या जोडल्या. काम चालू असताना रहिवासी घरातच राहिले. खोल्यांना उजेड आला, थंडीत ऊब आली. वास्तुकलेचं २०२१ चं प्रिट्झकर पारितोषिक या जोडीला मिळालं. आपल्याकडे चटई क्षेत्राचं अर्थकारण वेगळं आहे, बोर्दोचा कित्ता जसाच्या तसा इथे गिरवता येणार नाही. पण ‘पाडायचं नाही, वाढवायचं’ असा पर्याय आर्किटेक्टपुढे निदान ठेवता येतो.

पुनर्विकास ठरलाच तर कार्बनचा सगळ्यात मोठा लपलेला खड्डा पार्किंगचा असतो. पोडियमच्या तीन-चार पातळ्या किंवा दोन तळघरं, जड गाड्यांसाठी जाड स्लॅब, पाणी अडवणाऱ्या भिंती. एका गाडीला जाण्यायेण्याच्या वाटेसह सुमारे ३० चौरस मीटर लागतात, म्हणजे ३०० चौरस फुटांहून थोडं जास्त. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका अख्ख्या कुटुंबाला साधारण तेवढंच घर मिळतं. नियमानुसार जेवढ्या गाड्यांची जागा सोडावीच लागते तेवढी सोडा, त्यापुढची ‘घराला दोन’ची मागणी सोडून द्या. करारात पाडकामाच्या राबिटाचंही एक कलम हवं: ते कुठे जाणार, त्यातला किती भाग चुरून परत येणार. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुन्या काँक्रीटची खडी एम २५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के आणि सळईविना काँक्रीटमध्ये २५ टक्के चालते. पायाखालच्या साध्या बेडला पूर्ण चालते. दारं, चौकटी, ग्रिल, सागवान हे तर जुन्या बाजारात हातोहात जातं.

इमारत उभी राहिली की पुढची पन्नास वर्षं उन्हाशी व्यवहार. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगायला नको. गच्चीवर पांढरा चुना, पांढरा परावर्तक रंग किंवा चायना मोझॅक, यांपैकी काहीही केलं तरी खालच्या खोलीत काही अंशांचा फरक पडतो. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. फक्त एक लक्षात असू द्या: पावसाळ्यात पांढऱ्यावर शेवाळ चढतं आणि पांढरं काळं होतं. दिवाळीनंतर घासून धुवा, मार्चमध्ये पुन्हा हात मारा. गळतीवर उपाय म्हणून दर दहा वर्षांनी जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याची पद्धत मात्र बंद करावी. त्यात सिमेंटही जातं आणि स्लॅबवर टनावारी ओझंही वाढतं.

दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो, कारण दुपारचा सूर्य उंच असतो. पश्चिमेचा सूर्य खाली येऊन थेट आत घुसतो, तिथे छज्जा कमी पडतो. तिकडे जाळी, बाहेरून बांबूची चीक, झाड, किंवा सरळ छोटी खिडकी. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कितीही मोठी घेतली तरी उघडते निम्मीच. दारासारखी उघडणारी घ्या, पूर्ण वारा मिळेल. पूर्ण काचेच्या दर्शनी भिंतींचं मला कधीच कोडं सुटलं नाही. आधी ऊन आत घ्यायचं, मग ते बाहेर काढायला वीज जाळायची. घरांसाठीच्या ‘इको निवास संहिता’ या केंद्राच्या नियमावलीत भिंत, काच आणि छत यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिली आहे. आर्किटेक्टला त्यानुसार हिशेब करून मागा.

जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा तिसाच्या आसपास. दिवसाला बारा तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६० युनिट वाचतात, म्हणजे सव्वाशे किलोच्या जवळपास कार्बन. एसी लागणारच असेल तर २४ अंशांवर ठेवून पंखा चालू ठेवा. एक अंश वर केला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. एसीतला वायू हा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. आर-३२ हा वायू किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवतो, जुन्या एसींतला आर-४१०ए २,००० पटींहून अधिक, आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन जेमतेम तीन पट. मेकॅनिकने ‘गॅस सोडून नवीन भरतो’ म्हटलं आणि ८०० ग्रॅम आर-३२ खिडकीबाहेर सोडला, की अर्धा टन गेला. चार पंखे बदलून वर्षभरात वाचवलेलं एका दुपारी फुंकलं. गळती शोधून बुजवा, वायू सिलिंडरमध्ये परत खेचून घ्यायला लावा. त्याचे शे-दोनशे जादा द्यावे लागले तरी द्या.

सोलरबद्दल लोकांना माहिती आहे, म्हणून एवढंच: पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराला तीन किलोवॉट किंवा अधिकसाठी ७८,००० रुपये आणि सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठरलेलं आहे. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट सावली नसलेली गच्ची लागते. नवं बांधत असाल तर पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेच्या बाजूला घ्या, म्हणजे सावली पॅनलवर पडत नाही.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी वाचकांसाठी चित्र उलटं आहे. लंडन किंवा फ्रँकफर्टमध्ये जुनं घर घेतलं असेल तर आधी छप्पर आणि भिंतींना इन्सुलेशन, खिडक्यांच्या फटी, आणि गॅसचा बॉयलर बदलायची वेळ आली की हीट पंप. क्रम उलटा केला तर पंप मोठा घ्यावा लागतो. काही देशांनी नव्या बांधकामालाही कायद्याने वेसण घातली आहे. डेन्मार्कने २०२३ मध्ये मोठ्या नव्या इमारतींना चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलोची मर्यादा घातली. तिच्यात साहित्याचाही कार्बन मोजला जातो. फ्रान्समध्ये तशीच मोजणी २०२२ पासून सुरू आहे. न्यूयॉर्क उभ्या असलेल्या मोठ्या इमारतींकडून मर्यादेबाहेरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड घेण्याचा कायदा करून बसलंय. आपल्याकडे घराच्या साहित्यातल्या कार्बनला अशी सक्ती अजून नाही, त्यामुळे जे काही लिहून घ्यायचं ते ठेकेदाराबरोबरच्या करारातच.

त्या करारात फार काही नको. कुठलं सिमेंट कुठल्या कामाला, ते आयएस क्रमांकासह. रेडीमिक्स असेल तर मिक्स डिझाइनचा कागद प्रत्येक ग्रेडसाठी. पाणी मारायचे दिवस आणि ते मारणार कोण. क्यूब टेस्ट कुठल्या प्रयोगशाळेत. मिश्र सिमेंट असेल तर सात दिवसांच्या निकालावरून घाबरायचं नाही, २८ दिवसांचा निकाल धरायचा, असंही लिहा. सळईचं वेळापत्रक इंजिनिअरच्या सहीचं. राबिट कुठे जाणार ते. आणि सेंट्रिंग चार-सहा दिवस जास्त ठेवावं लागलं तर प्लेटांचं भाडं कोणाच्या अंगावर, हे रकमेसह लिहून घ्या. पीपीसीवरून साइटवर जी भांडणं होतात, ती जवळजवळ सगळी याच भाड्यावरून होतात.